कुंपणापलीकडचे अहो

केल हे गाव जर्मनीतच आहे ना, याची खात्री करून घ्यायला गावातले लोक अधूनमधून नकाशा बघत असावेत. ऱ्हाईन नदीच्या या काठाला केल, त्या काठाला फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग, आणि नदीच्या बरोबर मध्यावरून जाणारी, कुणालाच न दिसणारी सरहद्द. फ्रेंच लोक सिगारेटी आणि शाम्पू घ्यायला इकडे येतात, आम्ही पाव आणि चीज घ्यायला तिकडे जातो. शेकडो वर्षं एकमेकांवर तोफा डागून दोन्ही देशांनी शेवटी मिळवलं ते एवढंच. गावाच्या उत्तरेला बंदर. बार्जमधून भंगार लोखंड येतं, शेजारच्या कारखान्यात वितळतं आणि सळया होऊन निघून जातं. त्या बंदरातल्या क्रेनचे ब्रेक तपासणं हे माझं काम. ब्रेक लागतो किंवा लागत नाही. तिसऱ्या शक्यतेला माझ्या रिपोर्टात रकाना नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे, त्यालाही कुठे रकाना सापडलेला नाही.

२०१६च्या ऑक्टोबरअखेर माझे सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले. जर्मनी बघायला नोव्हेंबरात कुणी येत नाही. तिकीट स्वस्त मिळालं ते त्यामुळेच. आमची मुलगी डार्मश्टाटला शिकायला गेलेली, तेव्हा तिची खोली रिकामी होतीच.

अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दाभोळच्या हायस्कुलात सगळी हयात इतिहास-भूगोल शिकवला. जगातली झाडून सगळी बंदरं त्यांना पाठ, पाहिलेलं एकच, तेही स्टाफरूमच्या खिडकीतून. केलला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली.

"प्रतापराव, समुद्रावरच्या आणि नदीवरच्या बंदरात फरक काय?"

"पाणी गोडं."

"समुद्रावरच्या बंदरासमोर कुणी नसतं. नदीवरच्या बंदरासमोर शेजारी असतो. त्यामुळे अशा गावातल्या माणसांना वरचेवर घर सोडावं लागतं." आणि बूट घालून ते गाव बघायला निघाले. बूट म्हणजे चिपळूणच्या बाजारातले कॅनव्हासचे. दर पावलाला उजवा बूट उंदरासारखा चिरकायचा. ऊर्मिलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांच्यासाठी आणलेले महागडे जर्मन बूट खोक्यातच राहिले.

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव मनोरमा. अप्पांचं नाव काय, हे मात्र आईंकडून कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. लग्नाच्या दिवशी उंबरठ्यावर उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर आयुष्यभर 'अहो', 'हे', 'ऊर्मिलाचे वडील' आणि फारच राग आला तर 'मास्तर'. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर यांनी पासपोर्टवर बोट ठेवलं. त्यानं पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा बोट ठेवलं. बाई मुकी आहे असं समजून त्या भल्या माणसानं हळहळत शिक्का मारला.

"आई, अहो नाव घेतल्यानं काय होतं?" मी गाडीत विचारलं.

"घेतल्यानं होत नाही काही, जावईबापू. पण हाक मारली की येतात ना? मग नाव कशाला खर्चायचं?"

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खाली घरमालकीण, फ्राऊ योकर्स, वय चौऱ्याऐंशी. काटकसर त्यांच्याकडून शिकावी. जिन्यातला दिवा अशा बेतानं लावलाय की किल्ली भोकात जायच्या आत तो विझतो. याच बाईंच्या दारावरचा एक पिवळा दिवा मात्र चोवीस तास जळायचा. भर उन्हाळ्यात, भर दुपारी. मी एकदा, केवळ इंजिनियर म्हणून, त्यांना सेन्सर बसवून देऊ का असं विचारलं.

"नाइन, नको," त्या म्हणाल्या. "तो राहू दे."

म्हातारपणी प्रत्येकाला एक उधळपट्टी माफ असते, असं मी ठरवून टाकलं.

अप्पा रोज जेवणानंतर फिरायला जायचे आणि चहाला परत येऊन गावाचा अहवाल द्यायचे. पहिले काही दिवस चर्च, बाजार, किन्झिग नदी ऱ्हाईनला मिळते ती जागा असं सगळं क्रमवार झालं. मग एक दिवस म्हणाले, "तुमच्या मुख्य रस्त्यावर कुंपण घातलंय, तिथून पुढे सोडत नाहीत."

"ट्रामचं काम चाललंय अप्पा. स्ट्रासबुर्गची ट्राम इकडे आणतायत. सगळीकडे बाउत्साउन लावलेत." बाउत्साउन म्हणजे बांधकामाभोवतीचं तात्पुरतं जाळीचं कुंपण. जर्मनीत निम्मं आयुष्य त्याला वळसा घालण्यात जातं.

"असेल. पण खांब लाकडाचे आहेत. तार गंजलेली. आणि तिथला शिपाई कागद मागतो."

"फ्रेंच पोलीस असणार. गेल्या वर्षीपासून पुलावर तपासणी करतात."

"असेल," अप्पा म्हणाले. शिक्षकाचं 'असेल' म्हणजे उत्तराला अर्धा मार्क.

दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं की कुंपण सरकलंय. काल बेकरी पलीकडे होती, आज अलीकडे आली. पलीकडे दुकानांवरच्या पाट्या फ्रेंचमध्ये आहेत. माणसं रस्त्याकडेला उभी असतात, बोचकी घेऊन, शाळा सुटल्यावर न्यायला कुणी आलं नाही की पोरं उभी राहतात तशी.

"निर्वासित असतील हो," ऊर्मिला म्हणाली. "इथे आलेत बरेच."

"निर्वासित घर सोडून आलेले असतात," अप्पा म्हणाले. "हे घराकडे तोंड करून उभे आहेत."

आईंनी बशीत चहा ओतला. "उद्यापासून नदीकडे जायचं नाही. ऐकलंत का हो?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर सुटलो आणि अप्पांबरोबर गेलो. रेल्वे स्टेशनाजवळ रस्ता खणलेला, त्याला नवंकोरं जाळीचं कुंपण, खाली प्लॅस्टिकचे ठोकळे, बाजूला एक पोर्तुगीज कामगार सँडविच खात बसलेला. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी जाळीला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "आज तुम्ही आहात ना बरोबर." परत येताना उजवा बूट तेवढा चिरकत राहिला.

फ्राऊ योकर्स जिना झाडत होत्या. मी गंमत म्हणून त्यांना हा किस्सा सांगितला. पाहुण्या म्हाताऱ्यांचे किस्से सांगायला बरे असतात. त्यांचा झाडू थांबला. त्या हसल्या नाहीत.

"लाकडी खांब?" त्यांनी विचारलं.

"असं ते म्हणतात."

मग जिन्यातच, दिवा दर मिनिटाला विझत असताना आणि मी दर मिनिटाला बटण दाबत असताना, त्यांनी मला गावाचा इतिहास सांगितला. १९४४च्या नोव्हेंबरात पलीकडच्या काठावर फ्रेंच फौज पोचली आणि केल गाव घाईघाईनं रिकामं केलं गेलं. युद्ध संपलं, पण गाव फ्रेंचांच्याच ताब्यात राहिलं. स्ट्रासबुर्गची, घरं पडलेली माणसं इथल्या घरांत राहायला आली. मूळच्या लोकांना गाव परत मिळालं ते तुकड्यातुकड्यानं, १९५३ उजाडेपर्यंत. आज ही गल्ली, काही महिन्यांनी ती गल्ली. मध्ये कुंपण. गल्ली मोकळी झाली की कुंपण तेवढं पुढे सरकायचं.

"आम्ही निघालो तेव्हा मी बारा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "किन्झिगचा पूल ओलांडला आणि फाटर, म्हणजे वडील, म्हणाले, घरातला दिवा तसाच राहिला वाटतं, विझवून येतो. ते मागे फिरले." त्यांनी केर सुपलीत भरला. "नंतर आई कुंपणापाशी येऊन 'फाटर, फाटर' अशी हाक मारायची. ती त्यांना नावानं कधी बोलवायची नाही. पलीकडचे सगळे पुरुष वळून बघायचे. फाटर तेवढे नसायचे."

जिन्यातला दिवा विझला. मी बटण शोधत असताना अंधारात त्यांचा आवाज आला.

"आता कुठपर्यंत आलंय ते कुंपण?"

घरी मी हे ऊर्मिलाला सांगितलं, अप्पांना सांगितलं नाही. त्यांनी हा सगळा इतिहास आधीच कुठेतरी वाचला असणार आणि झोपेत-जागेपणी त्याची सरमिसळ झाली असणार. वय झालंय. माझं म्हणणं रकान्यात व्यवस्थित बसलं.

शनिवारी धुकं पडलं. ऱ्हाईनकाठचं धुकं वरून पडत नाही, ते नदीतून उठून चालत गावात येतं. दुपारी समोरचं चेस्टनटचं झाड गेलं, मग समोरचा रस्ता गेला. आईंनी बजावूनही अप्पा निघाले होते. चहाची वेळ झाली, चहा निवला, ऊर्मिलानं दुसरा टाकला, तोही निवला. अप्पांचा फोन लावला तर एक बाई फ्रेंचमध्ये काहीतरी सांगत होती. सरहद्दीवर फोन पलीकडचं नेटवर्क पकडतो, त्यात विशेष काही नाही, असं मी तीन-चारदा म्हणालो. बाहेर गारठा होता. स्वेटर खुर्चीवरच राहिला होता, आणि रक्तदाबाची गोळीही डबीतच.

ऊर्मिला पोलिसांना आणि हॉस्पिटलला फोन करायला घरी थांबली. मी जॅकेट घातलं तर आई दारात तयार. नऊवारीवर माझ्या मुलीचा टोपीवाला गुलाबी अनोरॅक, हातात अप्पांचा स्वेटर.

"आई, तुम्ही कुठे येताय या थंडीत?"

"आख्ख्या तालुक्याला भूगोल शिकवला आणि स्वतःला घर सापडत नाही. चला."

आम्ही मुख्य रस्त्यानं नदीच्या दिशेनं निघालो. शनिवारी या रस्त्यावर फ्रेंच गिऱ्हाइकांमुळे पाय ठेवायला जागा नसते. आज कुणी दिसत नव्हतं, दुकानांतले दिवे धुक्यात विरघळलेले. कारखान्याकडून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. पुढे तो वासही बंद झाला आणि ओल्या राखेचा यायला लागला. माझ्या अंदाजानं आम्ही स्टेशनाजवळ असायला हवं होतं.

आई थांबल्या. त्यांचा हात पुढे, छातीच्या उंचीवर, कशावर तरी टेकला होता.

लाकडाचा खांब. सालही नीट न काढलेला. त्याला गंजलेली तार.

मी पहिल्यांदा, केवळ सवयीनं, खांब हलवून बघितला. पक्का होता.

पलीकडे धुकं आणि धुक्यात कुजबुज. बरीच माणसं हळू आवाजात बोलत उभी असावीत, तसा तो आवाज होता. भाषा समजत नव्हती. कुणीतरी खोकलं. कुठेतरी लहान मूल रडत होतं, त्याला गप्प केलं गेलं.

"अहो," आईंनी हाक मारली.

कुजबुज थांबली.

सगळी. एकदम.

"अहो, ऐकलंत का? चहा निवला."

पलीकडे पावलं वाजली. एक जोडी नव्हे. खूप. सगळे एक पाऊल पुढे आले असावेत, मग थांबले. त्यातली एक जोडी थांबली नाही, पुढे येत राहिली. जड बूट, टाचेला खिळे. मी कान देऊन ऐकत होतो: चिरकत नव्हते.

तार थोडी ताणली गेली. तिला पलीकडून कुणीतरी हात लावला होता. श्वास ऐकू येत होता, धावत आलेल्या माणसाचा. चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं धुकं.

"हे नव्हेत," आई पुटपुटल्या. त्यांनी माझी बाही धरली.

"आई, नाव घ्या."

"काय?"

"नावानं हाक मारा. नुसत्या अहोला हे सगळेच येतायत."

"असं कसं घेऊ? भर रस्त्यात?"

"उखाण्यात घ्या मग," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली ही एकमेव सूचना, जिचा पुढे काही उपयोग झाला.

आईंनी पदर डोक्यावरून घेतला. अनोरॅकच्या टोपीवरून. आणि त्या तारेपाशी उभं राहून, उंबरठ्यावर माप ठेवलेलं असावं तशा खाली बघत म्हणाल्या:

"दाभोळच्या खाडीत शिडाची होडी, विठ्ठलरावांच्या नावानं संसाराला गोडी."

आवाज कापत होता, पण यमक चुकलं नाही.

धुक्यात, खूप लांब, उंदीर चिरकल्यासारखा आवाज झाला.

मग जवळ.

मग आणखी जवळ.

"आलो, आलो," अप्पांचा आवाज आला, "वाट द्या, वाट द्या हो," आणि ते आमच्यासमोर उभे होते. चष्म्यावर बाष्प, मिशांवर दव, खांदे गारठ्यानं वर चढलेले. त्यांनी जाळीचं कुंपण बाजूला सरकवलं. नवंकोरं, खाली प्लॅस्टिकचे ठोकळे. डाव्या हाताला स्टेशनाचं घड्याळ दिसायला लागलं होतं. रस्त्यावर दोन फ्रेंच मुलं सिगारेटींचं खोकं घेऊन हसत चालली होती.

आईंनी त्यांना स्वेटर घातला. मी इतक्या वर्षांत त्या दोघांना एकमेकांना हात लावताना पाहिलं नव्हतं. बटणं लावून झाली, तरी त्यांचा हात स्वेटरवरच राहिला.

"मास्तर, चुकलात कसे?" त्या म्हणाल्या.

"चुकलो नाही. कुंपण सरकलं. वळून बघतो तर मी पलीकडे."

मी ऊर्मिलाला फोन केला, ती आधी रडली, मग दोघांवर रागावली, मग म्हणाली, येताना दूध आणा. घरी जाताना आम्ही तिघं होतो. पावलांचा आवाज थोडा जास्त येत होता, पण धुक्यात प्रतिध्वनी येतोच. मी मागे वळून बघितलं नाही. ब्रेकच्या कामात एक नियम आहे: यंत्र चालू असेल तर उगीच हात घालू नये.

रात्री खिचडी, कढी आणि पापड. अप्पा दोनदा खिचडी घेऊन, लोणचं चाटत सांगत होते. "हाक मला पहिलीच ऐकू आली. पण अहो म्हटल्यावर सगळेच वळले. तिथला प्रत्येक जण कुणाचा तरी अहोच ना. मी निघणार, तेवढ्यात एक जण माझ्या पुढे झाला. त्याला फार घाई होती, म्हणून वाट दिली. मग नाव ऐकू आलं, तेव्हा बाकीचे आपणहून बाजूला झाले." त्यांनी आईंकडे बघितलं. "तू नेमकं काय म्हणालीस गं?"

"काही नाही. पापड घ्या."

"प्रतापराव, काय म्हणाली ही?"

"धुक्यात नीट ऐकू आलं नाही," मी म्हणालो. ऊर्मिला तोंडाला रुमाल लावून उठली.

त्या रात्री आम्ही सगळे दगडासारखे झोपलो. घरचं माणूस घरात असणं याच्याएवढी चांगली झोपेची गोळी नाही.

सकाळी पाव आणायला खाली उतरलो, तर दारावरचा पिवळा दिवा बंद होता. बल्ब गेला असेल म्हणून मी इंजिनियरच्या हक्कानं हात लावून पाहिला. बल्ब शाबूत होता. बटण बंद केलेलं होतं. फ्राऊ योकर्सच्या पायपुसण्यावर पुरुषी बुटांचा एक जोड होता, ओला, टाचांना खिळे, टोकं दाराकडे.

दुपारी त्या बेकरीतून परतताना भेटल्या. हातात केकचं खोकं, ओठांना किंचित लिपस्टिक. "गूटन टाग," त्या म्हणाल्या. आईंकडे बघून त्यांनी मान लवून नमस्कारासारखं काहीतरी केलं. आईंनीही केलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे सगळं बोलणं व्यवस्थित झालं.

वर आल्यावर आई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. त्यांचेही आले."

त्यानंतर केलमध्ये होत्या तोवर आईंनी अप्पांना अहो म्हटलं नाही. "विठ्ठलराव, चहा." "विठ्ठलराव, टोपी." पहिले दोन दिवस अप्पा हे ऐकून लाजायचे, मग इतके खूश झाले की मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसायला लागले. डिसेंबरात दोघं सुखरूप दाभोळला परतले. जर्मन बूट खोक्यासकट इथेच राहिले.

संक्रांतीच्या सुमाराला एका रविवारी सकाळी व्हॉट्सॅपवर त्यांचा फोन आला. फोन टेबलावर उभा करून आम्ही दोघं चहा घेत होतो. पडद्यावर आई तिळगुळाचं ताट दाखवत होत्या. दाभोळला नावानं हाक मारली तर शेजारणी हसतात, म्हणून जुनी सवय परत आली होती, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मान वळवली.

"अहो," त्यांनी हाक मारली, "या ना लवकर, फोन आलाय."

फ्राऊ योकर्स चर्चला गेल्या होत्या. मी त्यांना स्वतः चर्चच्या दारापर्यंत सोडलं होतं.

खालच्या घरात खुर्ची मागे सरकली. दार उघडलं. खिळ्यांचे बूट सावकाश जिन्यापाशी आले.

पडद्यावर अप्पा चष्मा पुसत येऊन बसले आणि म्हणाले, "बोला, प्रतापराव." ऊर्मिलानं माझ्याकडे बघितलं. खालची पावलं पहिल्या पायरीशी थांबली होती, आणि पुढचं बोलावणं कुणासाठी आहे, याची अदबीनं वाट बघत होती.